झुंबरनानांचा सुटसुटीत तवा

लाथ मारली तरी जी हलत नाही तीच वस्तू चांगली, असा झुंबरनानांचा साधा हिशोब. सातपूरच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. घरातलं स्टूल त्यांनीच केलेलं. ते सरकवायचं असलं की त्यांची बायको मनीषाकाकू शेजाऱ्यांना हाक मारतात. कपडे वाळत घालायचा स्टँड एवढा दणकट, की उद्या घर पडलं तरी नानांचे बनियन वाचतील.

तेजलच्या, म्हणजे लेकीच्या लग्नात मात्र नानांचं माप चुकलं. व्याह्यांचा मानाचा फेटा त्यांनी गर्दीत व्याह्यांच्या टेंपो ड्रायव्हरला बांधला. ड्रायव्हर कडक इस्त्रीत होता आणि व्याही, घोटीचे तांदळाचे व्यापारी लहानूशेठ, घामाने चिंब. ड्रायव्हरने मान वाकवून फेटा घेतला, वर आशीर्वादही दिला. लहानूशेठनी मांडवातच शपथ घेतली, "या माणसाच्या छपराखाली पुन्हा घास घेणार नाय!" तेव्हापासून त्यांनी सुनेला माहेरी पाठवलं नव्हतं. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. नाना मूळचे देवळ्याचे. तिकडे आखाजीला लेक घरी नसली तर आमरस घशाखाली उतरत नाही.

नानांनी शपथेचा बारकाईने अभ्यास केला. शपथ छपरावर होती, जेवणावर नव्हती; उघड्यावर बोलावलं तर व्याही जेवतील. मोबाइलवर त्यांनी एक गोरा माणूस बघितला होता. तो जंगलात घडीचा तवा उघडतो, खाली गॅस, वर अंडी.

"हा तर पापड आहे," नाना म्हणाले. त्यांनी भंगारातून जाड लोखंडी प्लेट आणली, तिला घडीचे पाय जोडले, खाली बर्नर बसवला. "बघ, कसा सुटसुटीत झालाय!"

"झालाय ना," काकू म्हणाल्या. "क्रेन तेवढी सांगून ठेवा."

रविवारी गंगापूर धरणाच्या काठी, मोकळ्या माळावर व्याह्यांचा टेंपो आला. ड्रायव्हर तोच. लहानूशेठनी उतरल्या उतरल्या आभाळ तपासलं, मगच बूड टेकलं. शेजारी त्यांची बायको सुलाबाई, पलीकडे तेजल.

तवा काही तापेना. नाना पाणी शिंपडून बघत; थेंब आरामात पसरून पडत.

"पाव्हणं, हा तवा हाय का थडगं?"

"जाड प्लेट आहे, शेठ. उष्णता साठवते. एकदा तापली की बघाच."

"आम्ही कशाला? आमची नातवंडं बघतील."

पण तापला, आणि असा तापला की मसाला लावलेले मासे टाकताच चर्रकन आवाज झाला आणि लहानूशेठचा राग निम्मा विरघळला. त्यांनी ताट पुढे ओढलं. नानांनी तेजलकडे बघून हळूच मान हलवली. जमतंय!

ऊन तेवढं डोक्यावर आलं होतं. काकूंनी टेंपोमागून ताडपत्री ओढली आणि टेंपो ते बाभूळ अशी ताणून बांधली. लहानूशेठचा पहिला घास ओठापर्यंत गेला, ताटावर सावली पडली, त्यांनी वर पाहिलं.

"छप्पर!" ताट खाली ठेवून ते उठले. "फसवता व्हय मला? सुले, ऊठ. तेजल, गाडीत बस."

नानांच्या हातातलं उलथणं गळून पडलं. तेजल चपला शोधायला लागली.

सुलाबाई हलल्या नाहीत. माशाचा काटा काढत म्हणाल्या, "अवो, ताडपत्री कुणाची?"

"कुणाची म्हंजे?"

"आपल्या पोत्यांवरची हाय. वाचा की, तुमचंच नाव हाय."

लहानूशेठनी वाचलं. नाव भलं मोठं होतं. त्यांनीच तसं रंगवून घेतलं होतं.

नानांच्या डोक्यात नट बरोबर आट्यावर बसला. "म्हणजे शेठ, छप्पर तुमचं. आज यजमान तुम्ही, पाहुणा मी."

"मग?"

"घोटीत पाहुण्याला रिकाम्या हाताने लावून देतात का?"

लहानूशेठ गार होणाऱ्या माशाकडे बघत राहिले. "आखाजीला न्या पोरीला," ते शेवटी म्हणाले. "पण आधी माझा फेटा."

फेटा टेंपोतच होता; ड्रायव्हर त्याने काच पुसायचा. नानांनी तो झटकला आणि या वेळी डोकं दोनदा तपासून बांधला.

तेजलला आता निघायची घाई झाली, पण तवा कुणाला हात लावू देईना. तो गार होईपर्यंत बसणं भाग होतं. मग फेटा सावरत लहानूशेठनीच उलथणं उचललं आणि उरलेले मासे तव्यावर टाकले. यजमान होते ना.