वाडीसकट नाव

"नुसतं आडनाव नको, वाडी सांग," असं म्हणत ताई चष्मा कपाळावर सरकवायची आणि माझ्या उत्तराची वाट बघायची. महाडमधल्या एका स्टुडिओत आम्ही दोघं नोकरीला होतो; ती लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची, मी शूटिंग करायचो. मी कॅमेऱ्यातलं कार्ड तिच्या हातात दिलं की माझी उलटतपासणी सुरू. कोण नाचलं, कोण गायलं, कुठल्या वाडीचं?

"कशाला एवढं?" मी वैतागायचो.

"नुसतं मोरे लिवलं तर अर्धा पोलादपूर तालुका येल. मग बस हुडकत!"

तुम्हीही असे स्टुडिओ पाहिले असतील. एक जुनी क्लिप हवी तर कॉम्प्युटर सगळ्या हार्डडिस्क चाळत बसतो आणि गिऱ्हाईक चहा पिऊन घरी जातं. ताईनं प्रत्येक क्लिपला वाडी, माणूस आणि प्रसंग असं नाव दिलं होतं. शिवाय क्लिपांच्या छोट्या, हलक्या प्रती करून त्या वेगवान डिस्कवर ठेवल्या होत्या. नाव टाइप केलं की माणूस समोर हजर.

मालकाला मात्र ते दिसलंच नाही. "दिवसभर नावं लिहीत बसते, काम कधी करते?" म्हणत त्यानं तिला काढलं. मी तिथंच उभा राहून कॅमेऱ्याची लेन्स पुसत राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते. ताई एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागली.

नव्या एडिटरनं त्या छोट्या प्रती जागा अडवतात म्हणून उडवल्या आणि सगळ्या क्लिपांना ओळीनं नंबर दिले. "आता कसं नीटनेटकं!" मालक खूश. इतक्या वर्षांची मेहनत पुसली गेली, आणि वर हे कौतुक!

मग पोलादपूरकडची एक मुलगी आली. तिची आई नुकतीच वारली होती. शेजारच्या घरच्या हळदीत आई गायली होती, त्याचं शूटिंग आमचं होतं; तिचा आवाज कुठे उरला असेल तर तेवढ्या क्लिपमध्ये. सकाळपासून मशीन शोधत राहिलं. दुपारी मालक म्हणाला, "लग्न तुमच्या घरचं नव्हतं ना? मग पुढच्या महिन्यात बघू."

माझं डोकंच फिरलं. मी ताईला फोन लावून मुलीच्या आईचं नाव सांगितलं, वाडीसकट. पहिली पाळी संपवून ती कंपनीच्या कपड्यांतच आली, तर मालक दारात आडवा. "बाहेरच्या माणसानं मशीनला हात लावायचा नाही."

"बाहेरची?" मी ओरडलो. "तुमच्या मशीनमधल्या एकेका माणसाला ती नावानं ओळखते!"

तो हलला नाही. ताईनं वाद घातला नाही. पायरीवर बसली, मुलीला शेजारी बसवलं. "तुझ्या आयचं गाणं मी धा येळा ऐकून व्हिडिओत जोडलंय गो. पाठ हाय मला."

आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात ती ते पहिल्यापासून म्हणू लागली. मध्येच एका ओळीवर थांबली.

"हितं तुझी आय हसली व्हती," ती म्हणाली.