साडूंनी हलवलेला पेला

कतारच्या वाळवंटाबद्दल बोलायचा हक्क आपल्यानंतर फक्त उंटाला आहे, अशी आमच्या थोरल्या साडूंची पक्की समजूत होती आणि उंट बोलत नसल्यामुळे ती कुणी खोडून काढली नाही. मूळचे नाशिकचे इंजिनिअर. बावीस वर्षं दुखानच्या तेलक्षेत्रात दाब मोजणारी गेज तपासली. मी त्यांच्यापासून चार घरांवर राहायचो, हे माझं दुर्दैव. शुक्रवारी सकाळी आठला दाराशी त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एवढी एक सुटी, तीही या गृहस्थांच्या व्याख्यानात जायची. फुटबॉलचा विश्वचषक कतारला होणार हे ठरल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांना ऊत आला होता. त्यांना नवी स्टेडियमं बघायची असत. साडू त्यांना न्यायचे झिक्रीतच्या माळावर, सिनेमासाठी बांधलेल्या आणि शूटिंग संपल्यावर तशाच सोडून दिलेल्या एका खोट्या गावात. "स्टेडियम काय, बालेवाडीलाही आहे," म्हणायचे.

त्या गावात माणूस कधी राहिलेला नाही. पण साडू एकेका दारापाशी थांबून इथे पाहुणे बसत, इथे बायका दळत, असं खुशाल ठोकून द्यायचे. माझा मामेभाऊ एका 'तीनशे वर्षं जुन्या' भिंतीला टेकला तर अख्खं प्लास्टर त्याच्या शर्टाला चिकटून आलं आणि आतली लोखंडी जाळी दिसायला लागली. साडू डगमगले नाहीत. चुना आहे, जपून टेकावं, असं उलट त्यालाच सुनावलं. उकडतंय म्हणायची सोय नव्हती. तो वाळवंटाचा अपमान होता.

मग एका वर्षी तिथे नवा राखणदार आला. वाळका, पन्नाशीचा, डोक्याला निळं फडकं. त्याने आम्हाला चहाला बोलावलं. आत जाण्याआधी साडूंनी आम्हाला दारातच शिकवून ठेवलं, की अरब माणूस पेला भरतच राहतो, पुरे झालं की नुसता हलवायचा, तोंडाने नाही म्हणायचं नाही. त्याने उंचावरून पुदिन्याचा चहा ओतला. साडूंनी तो संपवून ऐटीत पेला हलवला. त्याने पुन्हा भरला. साडूंनी तो पिऊन आणखी जोरात हलवला. त्याने पुन्हा भरला. साडूंचा पारा चढला. स्वतःच्या घरचा रिवाज स्वतःलाच ठाऊक नाही, म्हणून त्यांनी त्या भल्या माणसाला हिंदीत फैलावर घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने किटली खाली ठेवली. "साब, वो रिवाज इधर का है, कहवा का, कॉफी का. मैं इधर का नहीं," तो इथल्या मजुरांकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाला. "हमारे यहाँ तीन पीके उठते हैं."

मग कळलं, की तो मोरोक्कोच्या डोंगरातला. पुस्तकं ज्यांना बर्बर म्हणतात त्यांच्यातला, पण ते स्वतःला अमाझीग म्हणवतात. भाषा वेगळी, लिपीही वेगळी. त्याचं गाव खरं, मातीचं, आणि म्हणूनच सिनेमावाल्यांच्या आवडीचं. ते गाव पडद्यावर कधी इजिप्त झालं, कधी अरबस्तान. तो स्वतः गर्दीत कधी गुलाम म्हणून उभा राहिला, कधी शिपाई म्हणून. त्याचं गाव म्हणून मात्र कुणी दाखवलं नाही.

परतीच्या वाटेवर साडूंनी व्याख्यानाऐवजी रेडिओ लावला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या शुक्रवारी हॉर्न सातलाच वाजला. आता साडूंना भाकरी कशी भाजतात, गालिच्यावर बायका काय विणतात, सगळं त्याच्याकडून शिकायचं होतं. पाहुण्यांपुढचं व्याख्यानही बदललं. माझ्या बायकोची मावशी त्याला अरब म्हणाली, वर "सगळे सारखेच" म्हणाली, तेव्हा साडूंनी भर रस्त्यात गाडी बाजूला घेतली. "मग उद्यापासून तुम्हाला गुजराती म्हणू?" मावशी रात्रीपर्यंत फुगून बसली.

मोरोक्को विश्वचषकाला आला तर सामना मिळून बघायचा, असं साडूंचं आणि राखणदाराचं ठरलं होतं. साडू जन्मात फुटबॉल न बघितलेले, पण नियम पाठ करायला लागले. मोरोक्को पात्र ठरला. आणि त्याच उन्हाळ्यात साडूंना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांनी डिसेंबरपर्यंतची मुदतवाढ मागितली. नाही म्हणून दोन ओळींचं पत्र आलं. नोकरी संपली की इथला मुक्काम संपला. याचा संताप मला आजही आवरत नाही. बावीस वर्षं या उन्हात काढलेल्या माणसाला सहा महिने थांबू देता येत नाही? मी आरडाओरडा केला. साडू म्हणाले, "कराराप्रमाणेच आहे रे." याचा तर जास्तच राग आला. शेवटच्या शुक्रवारी त्यांनी तीन पेले घेतले आणि उठलेच नाहीत. राखणदाराने चौथा भरला. साडूंनी तो हलवला नाही.

परवा नाशिकहून त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. सोसायटीच्या कार्यक्रमात सेक्रेटरीने त्यांची ओळख 'आपले दुबईवाले काका' अशी करून दिली होती. मी दुबई विमानातून खालीसुद्धा बघितली नाही, म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

"तिथे बावीस वर्षं मी इंडियाचा, इथे आता दुबईचा," ते म्हणाले. "आपल्या राखणदाराला सांग, त्याचं म्हणणं मला आत्ता कळलं."

शुक्रवारी हॉर्न नसताना मला आठला जाग आली. एकटाच झिक्रीतला गेलो, त्याला निरोप सांगितला. सामना जेमतेम दोन आठवड्यांवर आलेला. त्याने दोन पेले मांडले होते. उठून आतून आणखी एक आणला आणि काठोकाठ भरला. मी माझे तीन प्यायलो. साडूंचा निवत राहिला, आणि तो ओतून टाकायला आम्हां दोघांपैकी कुणाचाच हात पुढे होईना.