शेणखत आणि निम्मा युरिया

तोंडावर वहिनी, पाठीमागे अर्धवट! असं नाव मिरवणं काही सोपं नसतं, पण ही बाई खुशाल मिरवायची. नवरा गेल्यावर खालचं शेत तिच्याकडे आलं ते सासऱ्यांच्या अटीवर: दोन वर्षांत पीक सावरलं नाही, तर शेत दिराकडे.

सासरे शेणखताचे भक्त. "पोत्यातलं पांढरं म्हणजे जमिनीला विष," हे त्यांचं पालुपद. दीर पोत्याचा भक्त. "शेणानं चूल पेटते, पीक नाही," हे त्याचं. बापलेकांचं जन्मात एकमत झालं ते एकाच गोष्टीवर, वहिनी चुकते आहे. कारण ती दोन्ही घालायची, शेणखतही आणि निम्मा युरियाही.

"एक काहीतरी धड करा की!" दीर म्हणायचा. "ही काय अर्धवट शेती?"

पहिल्या वर्षी तिनं स्वतःच त्याच्या हातात कोलीत दिलं. घाईघाईत काडीकचऱ्याचं कच्चं शेण भाताच्या चिखलात ओढलं आणि भात पिवळं पडलं. कच्चं शेण कुजता कुजता पिकाच्याच तोंडचा घास खातं, हे तिला सांगायचं कुणी? घरात जाणते दोघे, आणि दोघेही हसण्यात दंग! रडली ती, बांधावर बसून हमसून हमसून रडली. मग डोळे पुसले आणि कुदळ घेऊन खतखड्ड्याकडे गेली.

दुसऱ्या वर्षी तिनं तो खड्डा तीनदा वरखाली केला. मूठभर खत चुरगाळायची, नाकाशी धरायची. शेणाचा वास जाऊन ते मातीसारखं भुसभुशीत झालं, तेव्हाच पाट्या उचलल्या. युरिया निम्मा, तोही दोन हप्त्यांत. भात दिराच्या बरोबरीनं उतरलं. सासऱ्यांच्या तुकड्यापेक्षा तर कितीतरी जास्त.

"नशीब!" दीर म्हणाला. "वालात कळेल."

भातामागं त्याच ओलीवर वाल. तिनं वालाला युरियाचा दाणाही दाखवला नाही. दिरानं मात्र सढळ हातानं पोतं रिकामं केलं. शेंगा भरायच्या सुमाराला निकाल लावायला बापलेक बांधावर हजर. दिराचे वेल दाट, हिरवेगार, पण नुसती पानंच पानं. हिच्या वेलांना शेंगा लगडलेल्या.

"रोग असेल माझ्याकडे," दीर पुटपुटला.

तिनं त्याच्याकडचा एक वेल आणि आपला एक, मुळासकट अलगद काढले आणि पाटाच्या पाण्यात धुतले. त्याचं मूळ जवळजवळ बोडकं, हिच्या मुळाला गाठीच गाठी. एक गाठ नखानं फोडली, तर आतून गुलाबी.

"ही गाठ हवेतून खत ओढते, भावोजी. तुम्ही वालालाही पोतं चारलंत. आयतं मिळाल्यावर मूळ कशाला राबेल?"

दिरानं आपलं बोडकं मूळ उलटंपालटं करून पाहिलं. सासऱ्यांना मात्र कंठ फुटला. "म्हणजे शेवटी शेणखतच खरं!"

"आणि भात काय हवेवर पिकलं?" दीर उसळला. "निम्मा युरिया माझ्याकडूनच शिकली ती!"

"तुझ्याकडून? खतखड्डा कुणी खणला होता? मीच ना?"

बापलेकांची तिथंच जुंपली. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. अंगात आग पेटली होती तिच्या. दोन वर्षं हसलात, आता वाटा मागायला आलात होय?

"मामंजी, भावोजी," ती मोठ्यानं म्हणाली, "श्रेय काय ते दोघं घरी घेऊन जा. शेत इथंच राहील, माझ्याकडे."