धक्क्यावरची दुर्बीण

कल्याण बंदरातल्या त्या तांडेलाचं नाव मी कधी विचारलं नाही. खाडीतून ठाण्याला कौलं नेणारा त्याचा मचवा मी शिकवायचो त्या शाळेच्या वाटेवरच लागायचा. डुलत्या मचव्यावर तो पाय फाकवून उभा राही. धक्क्यावर उतरला की मात्र पाय जुळवून, जणू जमिनीवर त्याचा पूर्ण भरवसा. काही बोलायचं झालं की आधी आभाळाकडे बघे, मग माझ्याकडे.

एका संध्याकाळी मगरिबची नमाज आटोपून तो आला, तेव्हा मी शाळेची दुर्बीण धक्क्यावर मांडून गुरू ग्रहावर धरली होती. त्यानं डोळा लावला. ग्रह हळूहळू कडेला सरकला आणि दिसेनासा झाला.

"पोहतोय तो," तांडेल हलकेच म्हणाला. "आमच्या किताबात हायच, मास्तर. चांद-सूर्य आपापल्या वाटेनं पोहतात."

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. "तो नाही सरकला, तांडेल. आपली पृथ्वी फिरतेय, म्हणून तसं दिसतं."

मला वाटलं, आता हा वाद घालणार. त्यानं आधी आभाळाकडे बघितलं, मग पायांखालच्या धक्क्याकडे.

"म्हंजे आपणबी पोहतोय," एवढंच तो म्हणाला, आणि त्या दगडी धक्क्यावर सावकाश पाय फाकवून उभा राहिला.