ढोलाशिवाय नदीवर गेलेली कानबाई

मी आणि माझी बायको, आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते नातीच्या नव्या फ्रॉकच्या कॉलरमागची पट्टी उसवण्याचं. ती बोटभर पट्टी आमच्या तनूला सोसत नसे. मुंगी चावावी तशी ओरडायची आणि फ्रॉक अंगातून काढून फेकायची. म्हणून नवा कपडा घरात आला की ओट्यावर बसून आधी त्याची पट्टी काढायची, आतल्या शिवणीचे दोरे कापायचे, धुवून धुवून मऊ करायचा आणि मग तिच्या अंगात घालायचा. मी कापड ताणून धरायचो, म्हातारी ब्लेडनं टाके तोडायची. त्या दिवशी ती म्हणाली, "नीट धरा. फाटी गया ते तुमना धोतरना फराक शिवसू." मी हसलोसुद्धा नाही. रोजचंच बोलणं, त्यात काय हसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता ती चुलीपाशी खाली बसली, ती उठलीच नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. पारोळ्याकडचं आमचं गाव, कापसाची शेती. लिहिण्याची सवय नाही. पण जे झालं ते कुणीतरी लिहून ठेवावं असं सून म्हणाली, आणि तिला फुरसत नाही, म्हणून मी लिहितो आहे. वेडंवाकडं असेल ते समजून घ्यावं.

तनू माझ्या मुलाची मुलगी. मुलगा सुरतला साडीच्या कारखान्यात कामाला, सून आणि नात आमच्याजवळ. पोर लहानपणापासून वेगळी. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात. जेवताना भाताचं शीत हाताला चिकटलं की ताट सोडून पळायची. एका जागी बसणं माहीत नाही. काहीतरी सांगायला लागावं तर अर्ध्यातच हिचं ध्यान खिडकीबाहेर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे धावणं. डोक्यात काय यायचं देव जाणे, एकदम उठून पळत सुटायची, पुढे विहीर आहे की बैल आहे ते बघायची नाही. एकदा शाळेची घंटा तिच्या कानाशी वाजली, तर ती फाटकातून थेट हायवेवर गेली. एका ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून पोर हाती लागली. गाव म्हणायचं, आजा-आजीनं लाडावली. आम्हीही बराच काळ तसंच समजत होतो.

शेवटी सून हट्टानं तिला धुळ्याला लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी आणि म्हातारी बरोबर होतो. बाईंनी दोन-तीन वेळा बोलावून, खेळवून, शाळेत विचारून सांगितलं, की ही आगाऊ नाही. हिचं ध्यान टिकत नाही आणि हिच्या कानाला, कातडीला सगळं जास्तीचं लागतं. कातडीचा आणि कानाचा त्रास गोळीनं जाणार नाही, त्यासाठी वेगळे खेळ, वेगळा सराव. पण ध्यानासाठी गोळी आहे. धावायच्या आधी एक क्षण थांबायला कदाचित ती मदत करील. भूक कमी होऊ शकते, झोप बिघडू शकते, लक्ष ठेवावं लागेल. घाई नाही, घरी विचार करा. बाई फार चांगलं बोलल्या. तरी आमची म्हातारी तिथंच म्हणाली, "गोयी कसाले? मी शे ना!" 'मी आहे ना' एवढ्यावर तनूला काखेत दाबून ती बाहेर पडली. मला ते पटलं. एवढ्याशा पोरीला डोक्याची गोळी! लोक काय म्हणतील हे तर होतंच, पण मला भीती होती ती वेगळी. गोळी खाऊन पोर गप्प होईल, आणि आत आपली तनू उरेल का नाही?

म्हातारी होती तोवर खरंच निभलं. तिला पोरीचं सगळं ठाऊक. शिट्टी होण्याआधी ती तनूला मागच्या दारी न्यायची. पोर धावायला निघाली की आधीच तिचा हात हिच्या हातात असायचा. कसं कळायचं विचारू नका. म्हातारी गेली आणि घरातलं ते कुंपणच गेलं. तनू आजीसाठी रडली नाही, पण रोज पळायला लागली. सून शेतात जाईना, शाळेच्या फाटकाशी बसून राहायला लागली. वाळून काठी झाली. एक दिवस म्हणाली, "आबा, गोळी सुरू करू या." मी म्हटलं, नाही. तिच्या आजीनं नको म्हटलं आहे, तिचा शब्द मी मोडणार नाही. मुलाला फोन लावला तर तो म्हणाला, आबा म्हणतील तसं. मग सून माझ्यासमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदरही तिनं सावरला नाही. "आबा, आत्याबाई काय म्हनन्यात ते अर्धंच याद ठेवं का तुम्ही? त्या म्हनन्यात, मी शे ना. आते कोन शे?"

मला राग आला. मग राग गेला आणि उरलं ते त्याहून वाईट. मला म्हातारीचा शब्दही मोडवेना आणि सुनेचं तोंडही बघवेना. तेव्हा मी जे केलं ते आमच्याकडचे म्हातारे करतात तेच. श्रावण जवळ आला होता. म्हटलं, कानबाई बसू दे, तिच्यावर सोडतो. ती काहीतरी सांगेल.

कानबाई म्हणजे आम्हा खान्देशी माणसांची माय. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी मांडायची, तिला नटवायचं, भाऊबंदांनी एकत्र येऊन रोट खायचे, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर पोचवायची. रोट म्हणजे घरातल्या माणसांच्या नावानं मुठीमुठीनं घेतलेल्या गव्हाच्या जाड पोळ्या. ते फक्त कुळातल्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, पोटच्या लेकीलाही लग्नानंतर देत नाहीत. मागच्या साली म्हातारी गेली म्हणून आमच्याकडे बसली नव्हती. यंदा बसली. मी समोर बसून सगळं सांगितलं. देवी नारळाची, डोळे काजळाचे. ती काही बोलली नाही.

सोमवारी सकाळी देवी निघाली. बायांच्या डोक्यावर चौरंग, पुढे ढोल-ताशा. सून तनूला घेऊन मुद्दाम लांब मागे चालत होती. पण गल्लीच्या वळणावर गर्दी तुंबली, मागचे पुढे आले आणि तनू ढोलाच्या अगदी तोंडाशी सापडली. तिनं कान दाबले, डोळे मिटले आणि सगळं अंग थरथरायला लागलं. घशातून कधी न ऐकलेला आवाज काढला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "कानबाई उनी! पोरना आंगमा माय उनी!" झालं. बाया धावल्या. कुणी तिच्या कपाळाला मळवट भरला, कुणी गालांना हळद चोपडली. पाणी लागलेली हळद, जी पोर भाताचं शीत सोसत नाही तिच्या तोंडाला! आमचे चुलतभाऊ नाना, कुळात सगळ्यात वडील, त्यांनी तिच्या पायांवर डोकं टेकलं. "माय, काय चुकनं वं आमनं?" ढोलवाल्यांना वाटलं देवी आली, त्यांनी आणखी जोर केला. आणि मी, मी तिचा आजा, एक क्षण मीही हात जोडले. मला वाटलं, हीच खूण. मी विचारलं होतं, माय बोलायला आली.

मग तनू बायांच्या पायांमधून निसटली आणि पळाली. हायवेकडे.

सून गर्दीत अडकली होती, तिथूनच किंचाळली. मी धावलो, पण या वयात धावणं म्हणजे काय असतं. लांबून मला ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते आणि पोरीचा पिवळा फ्रॉक लहान लहान होत होता. वळणापलीकडे ती दिसेनाशी झाली. तेवढं अंतर मी कसं गेलो ते मला आठवत नाही. तोंडात फक्त 'माय, माय' होतं, ते देवीला होतं की म्हातारीला ते सांगता येणार नाही.

वळण ओलांडलं, तर रस्ता जिथं हायवेला लागतो तिथं, एक मोटरसायकल आडवी उभी होती. तिची चेन उतरली होती. एक तिशीतला माणूस, हात वंगणानं काळे, मातीत बसला होता, हायवेकडे पाठ करून. त्याच्यासमोर तनू. डोक्यावर त्याचं हेल्मेट, त्यावर काळी बोटं उमटलेली. काच खाली. पोर शांत बसली होती, फक्त छाती वरखाली होत होती. मी जवळ जायला लागलो तर त्यानं तळहात दाखवून थांबवलं. हळू म्हणाला, "धरू नका काका. थोडा वेळ कुणीच धरू नका." मी थांबलो. त्यानंही तिला धरलं नव्हतं. नंतर त्यानंच सांगितलं, आडव्या गाडीपुढे ती अडली, तिनं कान दाबलेले दिसले, यानं हेल्मेट पुढे केलं, तिनं आपलं आपण घातलं. एवढंच.

मागून मिरवणूक आली. नाना पुढे. "माय कुठं शे? हळद पुसू नका तिनी!" तो माणूस बसल्या जागेवरून म्हणाला, "बाबा, देवी असती तर ढोल तिला आवडला असता ना? ही तर ढोलालाच घाबरून पळाली." नाना चिडले. पण मला ते वाक्य असं लागलं जसं कुणी धरून हलवावं. मी वळलो, ढोलवाल्याच्या काठ्या हातातून काढून घेतल्या. म्हटलं, बस. नाना म्हणाले, "येडा व्हयना का आबा? ढोल नही ते कानबाई कशी जाई?" मी म्हटलं, "बायास्ना डोकावर बशीसन जास ती. ढोलवर बशीसन नही." बाया हसल्या. नाना हसले नाहीत. पण त्या दिवशी आमची कानबाई ढोलाशिवाय नदीवर गेली. बाया हलक्या आवाजात गाणी म्हणत होत्या, आणि सगळ्यांच्या मागे, आईपासून हातभर अंतर ठेवून, मोठं हेल्मेट घातलेली तनू आपल्या पायांनी चालत आली. पाण्यात देवी सोडताना तिनं काच वर करून बघितलंसुद्धा.

त्या माणसाला मी घरी आणलं. तो धुळ्याचा, कामानिमित्त निघालेला. अर्धा तास त्या वळणावर चेनीला शिव्या देत बसलो होतो म्हणाला. मी याला चमत्कार म्हणत नाही. चेन उतरली होती, ती तिथं उतरली होती, एवढंच लिहितो. सुनेनं त्याला ताटात रोट वाढला, खीर वाढली. नाना दारातूनच म्हणाले, "आबा, परकाले रोट?" मी म्हटलं, "हाऊ कानबाईनी धाडेल शे. परका कसा?" आमच्या कुळात असं कधी झालं नव्हतं. नाना जेवायला थांबले नाहीत. ते अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. बोलू देत.

जेवता जेवता मी त्याला विचारलं, तुला कसं कळलं पोरीला काय हवं ते. तो म्हणाला, "मी असाच होतो काका. शाळेत बाकाखाली बसायचो." मग म्हणाला, त्याच्या आईनं त्याला गोळी दिली होती, काही वर्षं. मी सरळ विचारलं, "गोळ्या खाईसन येडा व्हयना का मग तू?" तो हसला. "थोडा आधीपासूनच होतो." सून हसली. कितीतरी दिवसांनी ती हसताना मी पाहिली. मग तो गंभीर झाला. दुपारची भूक मेली होती म्हणाला, म्हणून आई सकाळीच गोळीआधी पोटभर खाऊ घालायची. पहिली गोळी सोसली नाही, डॉक्टरांनी बदलली. "पण एक सांगतो. एक दिवस वर्गात मला बाईंचं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकू आलं. तोवर मला वाटायचं, बाई अर्धंच बोलतात." आणि जाताना म्हणाला, "मला लागू पडली म्हणून हिला पडेलच असं नाही. विचारत राहा डॉक्टरांना. आणि गोळी दिली तरी ढोलापासून लांबच ठेवा." नाव त्यानं सांगितलं होतं. इथं लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. हेल्मेट तो तनूलाच देत होता, पण सुनेनं परत घ्यायला लावलं. म्हणाली, तुमच्याही आईला काळजी असेल.

संध्याकाळी मी रिकाम्या जागेसमोर बसलो. देवी मांडली होती तिथं थोडं कुंकू सांडलं होतं. मला वाटायचं, देवावर सोडणं म्हणजे आपण हात खाली टाकायचे आणि कानबाई काय करते ते बघत बसायचं. तसा मी बसलोही होतो. तिनं उत्तर दिलं, पण माझ्याच पोरीच्या अंगात येऊन दिलं नाही. रस्त्याच्या कडेला वंगणाच्या हातांनी दिलं. आणि त्यातही तिनं ठरवून दिलं नाही, ठरवायला मला मोकळं केलं. मी म्हातारीशी बोललो. म्हटलं, तू होतीस तोवर तुझा शब्द खरा होता. आता तू नाहीस, हे मला मान्य करावं लागेल. ते मान्य करायला मी एक वर्ष नाही म्हणत होतो, गोळीला नाही. मग मी रडलो. लपवत नाही. माय कानबाईनं माझी पोर हायवेच्या अलीकडे ठेवली, तिचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. पुढचं फळ तिच्याकडे. काम माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेच्या आधी उठलो. तनूला मऊ झालेला फ्रॉक घातला, कानात कापसाचे बोळे दिले आणि तिघं पहिल्या एसटीनं धुळ्याला गेलो. दवाखाना अजून उघडायचा होता. पायरीवर बसलो. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी मला ओळखलं. मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, "बाई, मागे आम्ही नाही म्हणून गेलो होतो. आज मी विचारायला आलो. भूक गेली तर काय करायचं, झोप गेली तर काय करायचं, कधी थांबवायची, सगळं मला सांगा, मी दोनदा विचारीन. आधी पोरीचं वजन करून घ्या."