लाल टोकन आणि लहान आतडं

पोटाचं ऑपरेशन झालं की माणसाजवळ दोन गोष्टी साठायला लागतात. एक पोटावरची पिशवी आणि दुसरे किस्से. पिशवी रिकामी करता येते. किस्से आतच राहतात आणि मग डोकं फिरतं, म्हणून आज ओततोच.

माझं मोठं आतडं जखमांनी भरलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी ते अख्खं काढलं, लहान आतड्याचं तोंड पोटावर आणलं आणि तिथं पिशवी लावली. म्हणाले, "पाणी शोषायचं काम मोठ्याचं होतं. आता लहान शिकेल. काही महिने द्या त्याला." आतड्याला मी महिने दिले. लोकांनी मला आठवडासुद्धा दिला नाही.

*

पहिली न्हावऱ्याची आत्या. पिशवीत नुसतं पाणी यायचं, तर तिचा हिशोब सरळ. "गेलं तेवढं आत घाल." तांब्यावर तांबे! साधं पाणी जास्त प्यायलं की अंगातलं मीठ घेऊन बाहेर पडतं, मिठासाखरेचं पाणी घोटघोट घ्या, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण मी मीठ मागितलं की आत्या बरणी उचलायची. "बीपी व्हईल."

चौथ्या दिवशी पायात गोळे येऊन मी मोरीत पडलो. दवाखान्यात डोळे उघडले तर आत्या डॉक्टरांना सांगत होती, "पाणी कमी पडलं बघा."

*

कामावर परत यायला फिटनेसचा कागद लागतो. रांजणगावला आमच्या कंपनीत आठवड्यातून एकदा डॉक्टर येतात. त्यांनी माझी फाईल न उघडता नुसती हातात तोलली.

"मोठं आतडं बरं झालं की या, लगेच फिट लिहितो."

"साहेब, ते रजेवर न्हाई गेलेलं."

*

साबुदाणा, केळं, मऊ भात खाल्लं की पिशवीतलं जरा घट्ट होतं. म्हणून कागद मिळून कामावर आलो तरी डब्यात रोज साबुदाण्याची खिचडी. आमचा लाइन लीडर कदम सोमवारी म्हणाला, "उपवास शंकराचा का?" मंगळवारी म्हणाला, "गणपतीचा?" बुधवारी त्याचे देव संपले, तेव्हापासून मला 'महाराज' म्हणायला लागला. अख्खं कँटीन हसलं. बारा वर्षं शेजारच्या मशिनवर असलेली माणसंही हसली, ते मी विसरलेलो नाही.

*

सुरुवातीला शिफ्टमध्ये सात-आठदा पिशवी रिकामी करावी लागायची. कदमनं एक रिजेक्ट ब्रेक डिस्क लाल रंगवली आणि खिळ्याला अडकवली. "बाथरूमला जाताना हे टोकन हातात घेऊन जायचं. नियम सगळ्यांना सारखा." नियम कुणासाठी होता ते सगळ्यांना कळत होतं. ते जड लोखंड घेऊन मी अख्ख्या लाइनसमोरून जायचो आणि दात आवळायचो.

लाइनवर सगळ्यात जुने पाबळचे आप्पा. ते एकदाच बोलले. "कदम, आतडंसुदिक शिकाय लागलंय. माणसं कवा शिकायची?"

*

आठ महिन्यांनी मॅनेजर लाइनवर आले. हा जागेवर नसतो, ह्याला मशिनवरून काढून गेटवर टाका, असं माझ्याबद्दल कदमनं त्यांना कळवलं होतं. मशिन गेलं म्हणजे बारा वर्षांचा हात गेला. खरं तर तोवर मी शिफ्टमध्ये दोनदाच बाथरूमला जात होतो, पण ते वर सांगणार कोण?

मॅनेजरनी आधी खिळा बघितला. रिकामा.

"गेले वाटतं ते?"

"कोण, साहेब?" आप्पांनी विचारलं.

"ऑपरेशनवाले."

"ते ह्ये काय, तुमच्या म्होरं."

मी मशिनवर होतो. मान वर केली नाही, मशिनला लावलेला जॉब अर्ध्यात होता.

"मग टोकन कुठंय?"

तेवढ्यात बाथरूमकडून कदम आला. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात लाल डिस्क.

"अर्धा तास झाला आसंल," आप्पा म्हणाले.

मॅनेजरनी घड्याळ बघितलं. "मग इतका वेळ लाइन कोण बघत होतं?"

आप्पांनी माझ्याकडं बोट केलं.

"ज्याला मोठं आतडं न्हाई, त्यो."