अंकुशच्या गॅरेजचे छत

‘अंकुशने कंजुषी केली, छताला स्वस्तातला थर्माकोल लावला आणि स्वतःच्याच हाताने ठिणगी पाडली.’ नेकनूरमध्ये कोणालाही विचारा, हेच ऐकवतील. हे मी खोडून काढणार आहे. ते मुळापासून खोडू शकणारा मी एकटाच आहे — आणि आजवर मी ते कोणाजवळही खोडलेले नाही.

अंकुश माझा धाकटा भाऊ. रस्त्यालगत त्याचे गॅरेज. ऊसतोडीला निघण्याआधी टोळ्यांच्या बैलांच्या टायरगाड्या त्याच्याकडे वेल्डिंगला येत. वर नुसते पत्रे. उन्हाळ्यात पान्हा हातात धरवत नसे. छताला आतून काहीतरी लावायचे ठरले — स्वस्त, पण टिकाऊ. आणि आमच्या घरात ठरवायचे म्हणजे मी ठरवायचे. मी थोरला, शिकलेला, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला. घरच्या बैठकीत सोयऱ्यांसमोर मी जाहीर करून टाकले — थर्माकोल! विषय संपला.

अंकुशची बायको कावेरी दारातून म्हणाली, “दादा, तुरीच्या तुराट्या बांधून दोन्हीकून मातीनं लिंपल्या तर? वरून पत्र्याला चुना. तुराट्या आपल्याच रानात हायेत. थर्माकोल लई पेटतंय म्हनं.”

“गॅरेज हाय का शेरडांचा गोठा?” मी म्हणालो. सगळे हसले. ती आत गेली.

अंकुश हसला नाही. “दादा म्हनतेत तेच आना,” एवढेच म्हणाला. “दादानं बघितलं असंल.”

आता सांगा — कंजुषी कोणी केली? तुराट्या तर फुकट होत्या! फुकटचे सोडून ज्याने थोरल्या भावाचा शब्द विकत घेतला, तो कंजूष? गावाला एवढेही कळू नये?

पुढच्या हंगामाआधी तो शिडीवर चढून छताच्या अँगलला साखळी-कप्पीची कडी वेल्डिंगने जोडत होता. ठिणगी उडाली. थर्माकोल पेटला, पेटता पेटता वितळून त्याच्या दोन्ही हातांवर गळला. जखमा भरल्या, बोटे आकसली ती आकसलीच. आज गॅरेज दुसराच कोणी चालवतो. अंकुश दाराशी खुर्ची टाकून बसतो. “जरा हात सैल सोडला असतास तर, लेका!” येणारे-जाणारे त्याला ऐकवतात. तो मान हलवतो. माझे नाव घेत नाही — मी शेजारी बसलेलो असलो तरी घेत नाही. आणि मी? मीही मान हलवतो. किती सहज हलते ती!

माझ्या पत्नीचे म्हणणे वेगळे आहे. ‘तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? भल्यासाठीच सांगितलंत.’ तिचे हे वाक्य मी इतकी वर्षे पांघरून बसलो. तेही खोटे आहे. गावाच्या वाक्यापेक्षा अधिक खोटे — कारण ते मला आवडते.

त्या बैठकीनंतर कावेरीचे बोलणे माझ्या डोक्यातून जाईना. पण सोयऱ्यांसमोर दिलेला शब्द — तो तिच्या सांगण्यावरून मागे घ्यायचा? मी?

अंकुश म्हणाला होता, दादानं बघितलं असंल.

बघितले होते. माल मागवण्याआधी नमुन्याचा एक तुकडा मी घरी आणला, परसात कोणी नसताना त्याला काडी लावली, आणि तो पेटला.